‘नये’ आणि ‘बाद’: शर्यतीच्या नियमांचं वाचन



मघाशी चहाला बसलो होतो, तेव्हा तुमच्यातल्याच एका तरुणाने विचारलं, “सर, आपल्याकडे बैलांची शर्यत भरवायची म्हटलं तर परवानगीला काय काय कागद लागतात?” मी त्याला म्हटलं, तासाभराने सांगतो. कारण आजचा विषय तोच आहे, फक्त मी तो उलट्या बाजूने धरणार आहे. परवानगी मिळाली असं समजू. पुढे काय? गाडा गर्दीत घुसला तर? हातातली काठी बैलाच्या पाठीवर पडली तर? पहिला आलेला गाडा लबाडीने पहिला आलाय हे कळलं तर? या तीन प्रश्नांना आपल्या नियमांकडे उत्तर आहे का, आणि असलं तर ते कुणाच्या हातात आहे, एवढंच मला आज बघायचंय.

मी नियमावली वाचतो ती कथा-कवितेसारखी वाचतो. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कुठल्या गोष्टीवर अडखळतंय आणि कुठली गोष्ट घाईने उरकतंय. वकील म्हणतील हे वाचन नव्हे. पण वकिलांनी आपल्या पद्धतीने वाचून या शर्यतींचं काय झालं ते आपण बघितलंय, तेव्हा एकदा आपल्या पद्धतीनेही वाचू.

आधी मागचा इतिहास, थोडक्यात. २०११ साली केंद्राने अधिसूचना काढून बैलाचा समावेश वाघ, सिंह, अस्वल यांच्या यादीत केला. म्हणजे खेळासाठी, करमणुकीसाठी शिकवून उभे करता येणार नाहीत असे प्राणी. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यत दोन्ही बंद केले. २०१७ मध्ये आपल्या विधिमंडळाने प्राणी क्रूरता कायद्यात दुरुस्ती केली, मग त्याखाली नियम आले, पण उच्च न्यायालयाने शर्यती रोखूनच धरल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. म्हणजे शर्यत एकदा बंद पडली, बारा-तेरा वर्षं कोर्टात फिरली आणि नियम घेऊन परत आली.

आता ते नियम. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी. आयोजकाने ५०,००० रुपयांची हमी भरायची. धाव १,००० मीटरच्या पुढे नको. पशुवैद्यकाने बैल तपासलेला हवा. चाबूक, काठी, विजेचा झटका, सगळ्याला मनाई. शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाला द्यायचं. आणि कायदा मोडला तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

यात वाईट काही नाही. मला यातलं एकही कलम काढावंसं वाटत नाही. पण सूर बघा. सगळा सूर ‘नये’चा आहे. मारू नये, टोचू नये, पळवू नये. आणि ‘नये’ ज्याला सांगायचं तो माणूस शर्यतीत कुठे उभा आहे, तर कुठेच नाही. ही नियमावली न्यायमूर्तींशी बोलते. ‘आम्ही क्रूर नाही, बघा, आम्ही इतकं सगळं लिहून दिलंय’ असं ती दिल्लीकडे तोंड करून म्हणते. छकड्यावर दोन पाय रोवून उभा असलेला जो पोरगा आहे, त्याच्याकडे तिची पाठ आहे.

दुसरीकडे, गावाकडे स्वतःचे नियम आहेत आणि ते फार कडक आहेत. पुणे जिल्ह्यात घाटात गाडा एकटा पळतो, समोर घोडी असते, आणि सेकंदाच्या बारीक हिश्श्यापर्यंत वेळ मोजतात. सातारा-सांगलीकडे पाच-सात गाड्या एकदम सुटतात, प्रत्येकाला आपापला तास ठरवून दिलेला असतो. विदर्भात आणि आपल्या मराठवाड्याच्या वरच्या जिल्ह्यांत शंकरपट. तर हा जो तास आहे ना, तो सोडून गाडी दुसऱ्याच्या तासात घुसली की ती गाडी बाद. तिथे तक्रार नाही, जिल्हाधिकारी नाही, कोर्ट नाही. पंच म्हणाला बाद, की बाद. मालकाने वर्षभर खुराक घातलेला असतो, लाखांचा बैल असतो, बरोबर टेम्पोभर माणसं आलेली असतात. तरी बाद.

एक शब्द. ‘बाद’. तो सगळे मानतात, कारण तो शर्यतीच्या आतला आहे. आणि लक्षात घ्या, हा नियम नुसता स्पर्धेचा नाही, सुरक्षेचाही आहे. दोन जोड्या एकमेकींत घुसल्या की बैलांचे पाय मोडतात, माणसं चाकाखाली जातात. गावाने ही दोन्ही कामं एका नियमात केली, आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही.

आता मी तुम्हाला जरा लांब नेतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘स्टॉक कार’ नावाच्या शर्यती असतात. नॅसकार हे त्यांच्या संघटनेचं नाव. स्टॉक कार म्हणजे दुकानात मिळते तशी गाडी, कारखान्यातून निघाली तशी. हा श्रीमंतांचा खेळ म्हणून सुरू झाला नाही. चोरटी दारू रात्रीची पोचवायला पोरं गाड्या पळवायची, पोलिसांना मागे टाकायची, आणि रविवारी तीच पोरं मातीच्या मैदानावर एकमेकांशी लावायची. बिल फ्रान्स नावाच्या माणसाने १९४७-४८ मध्ये या सगळ्यांना एका संघटनेत बांधलं. म्हणजे तीही एका अर्थी जत्रेतलीच शर्यत. म्हणून तुलना करतोय, उगीच नाही.

१९ जून १९४९. शार्लट गावात या ‘जशीच्या तशी’ गाड्यांची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे नावाचा चालक पहिला आला, चांगला तीन फेऱ्यांनी पुढे. मग गाडी तपासली. मागच्या कमानी कडक केलेल्या निघाल्या. दारू वाहायच्या गाड्यांना असं करायचे, वजन घेऊन वळण सांभाळावं म्हणून. तपासनीस म्हणाला, ही गाडी जशीच्या तशी नाही. बाद. पहिला नंबर जिम रोपर नावाच्या दुसऱ्या चालकाला दिला. गाडीचा मालक कोर्टात गेला, दहा हजार डॉलर मागितले, आणि हरला. संघटनेला आपले नियम लावायचा अधिकार आहे, असा त्याचा अर्थ झाला.

म्हणजे पहिल्याच शर्यतीत पहिला आलेला बाद. त्या खेळाचा पाया मला तिथे दिसतो. नियम मोडला तर तुरुंगात घालत नाहीत, पण जिंकू देत नाहीत. आणि जिंकायला आलेल्या माणसाला तुरुंगाची भीती लांबची असते, हरण्याची भीती समोर उभी असते.

याचा अर्थ तिकडे सगळे साधू झाले असं नाही. स्मोकी युनिक म्हणून एक कसबी मेकॅनिक होता, त्याचा किस्सा तिकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. इंधनाची टाकी किती मोठी असावी हे नियमात होतं. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी किती जाड असावी हे कुणी लिहिलंच नव्हतं. याने अकरा फूट लांब, दोन इंच जाडीची नळी बसवली, आणि त्या नळीतच जादाचं इंधन! पुढच्या वेळी नळीचाही नियम आला. असे नियम एकेका लबाडाने लिहून घेतलेले असतात. आपल्याकडेही चाबकाला मनाई आली की शेपटी पिरगाळणं उरतं. २०१४ च्या निकालपत्रात न्यायालयाने या प्रकारांचीही नोंद घेतली होती. एक मनाई आणि मग शांतता, असं कधी होत नाही. नियम लिहिणारा माणूस मैदानावर असावा लागतो आणि दर हंगामाला वही उघडावी लागते.

अगदी अलीकडचं सांगतो. जुलै २०२२, पोकोनो. पहिला आणि दुसरा, दोघेही शर्यतीनंतरच्या तपासणीत बाद झाले. गाडीच्या पुढच्या भागावर चिकटपट्टीसारखं काहीतरी लावलेलं सापडलं, बस्स. १९६० नंतर पहिल्यांदाच विजेता असा बाद झाला. पोकोनोत बक्षीस तिसऱ्याला गेलं. मला कुणी सांगा, आपल्याकडे पहिला आलेला गाडा नंतर चित्रीकरण बघून, चालकाने काठी मारली म्हणून, बाद केलेला कुणी ऐकलाय? गुन्हा नोंदवल्याच्या बातम्या येतात. आयोजकांवर गुन्हा, आठ-दहा दिवसांनी. बक्षीस मात्र ज्याचं त्याच्या दारात.

आता सुरक्षेकडे येतो, आणि इथे मी नॅसकारची तारीफ थांबवतो.

१९६४ मध्ये फायरबॉल रॉबर्ट्स नावाचा चालक शार्लटला आगीत होरपळला आणि पुढे महिनाभराने गेला. त्यानंतर इंधनाच्या टाकीत रबरी पिशवी आली, फुटली तरी पेट्रोल उसळू नये म्हणून. १९८७ मध्ये तालाडेगाला बॉबी अॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांच्या जाळीवर गेली. त्या वर्षी तिथे वेग ताशी ३४० किलोमीटरच्या वर गेला होता. जाळी फाटली, माणसं जखमी झाली, नशिबाने कुणी मेलं नाही. पुढच्या वर्षापासून दोन मोठ्या मैदानांवर इंजिनाचा श्वास कमी करणारी चकती सक्तीची झाली. वेग उतरला. पण सगळ्यांचा वेग सारखा झाल्यामुळे गाड्या थव्याने पळू लागल्या आणि एकाचा तोल गेला की वीस-पंचवीस गाड्या एकदम आदळू लागल्या. प्रेक्षक वाचवायला केलेल्या नियमाने चालकांना वेगळ्या धोक्यात घातलं. नियमाला असे परिणाम असतात, ते बघत बसावे लागतात.

आणि मग २०००. अॅडम पेटी मे महिन्यात गेला, केनी अर्विन जुलैत, त्याच मैदानावर, त्याच वळणावर. कवटीच्या तळाचं हाड मोडून. ऑक्टोबरात टोनी रोपर. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाला, शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट. सात वेळचा विजेता, त्या खेळातला सगळ्यात मोठा माणूस. तोही तसाच. डोकं आणि मान खांद्याशी धरून ठेवणारं साधन तेव्हा बाजारात होतं का? होतं. हबर्ड आणि डाउनिंग या दोघांनी ते १९८० च्या दशकातच तयार केलं होतं. चालकांना ते अडचणीचं वाटायचं, अर्नहार्टला तर नकोच होतं, आणि संघटना म्हणायची, ज्याची त्याची मर्जी. सक्ती आली ऑक्टोबर २००१ मध्ये, तीही आणखी एका तरुणाचा जीव एका दुय्यम शर्यतीत गेल्यावर. त्यानंतर त्यांच्या मुख्य मालिकेत शर्यतीत एकही चालक मेलेला नाही. म्हणजे उपाय बरोबर होता, आणि जवळपास पंधरा वर्षं तो फळीवर पडून होता.

तुमच्या गावात मी हे बोलतोय याचं मला भान आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून माणसं झोपली होती, पहाटे चारला चार मिनिटं कमी. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. या भागात सुमारे ८,००० माणसं गेली, आणि सास्तूरने काय सोसलं ते मी तुम्हाला सांगायचं कारण नाही. तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या पट्टा एकमध्ये होता, सगळ्यात कमी धोक्याच्या. २००२ साली मानक बदललं, पट्टा एक नावाचा प्रकारच रद्द झाला आणि हा भाग पट्टा तीनमध्ये गेला. नऊ वर्षांनी. दोन दगडांत आडवा लांब दगड घालून भिंत बांधून घ्यावी, लिंटेलच्या उंचीवर पट्टा फिरवावा, हे इथल्या गवंड्यांना आज माहीत आहे. ते कळायला काय मोजावं लागलं, तेही माहीत आहे. म्हणून ‘अपघात झाल्यावर बघू’ हे वाक्य निदान या गावात तरी कुणी बोलू नये असं मला वाटतं.

तर परत आपल्या मैदानावर. गाडा सुटतो तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसं आत झुकतात. मोबाइल धरलेला हात सगळ्यात आत. पोरं बापाच्या खांद्यावर. निशाणाच्या पुढे बैल एकदम थांबत नाहीत, थांबू शकत नाहीत, आणि नेमकी तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असते, कारण निकाल तिथे लागतो. तालाडेगाला निदान जाळी होती. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बांबू आणि दोरी, आणि बऱ्याच ठिकाणी नुसता लाउडस्पीकर: “मागे सरका, मागे सरका.” बैलाच्या अंगावर काय पडू नये याचा आपण अकरा-बारा वर्षं खल केला. माणसाच्या अंगावर बैल पडू नये याचा कुणी केला?

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, तुम्ही पुस्तकातले लोक, तुम्हाला बैलाचं प्रेम काय कळणार. ते प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं बक्षिसाबद्दल आहे. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. आता गाडीखाली बोलायचं कुणी काढत नाही. नियमावलीत धावेची लांबी मोजून दिली, पण बक्षिसाच्या आकाराचा विचार झाला नाही. शेतात वर्षभर राबून मिळत नाही ते अर्ध्या मिनिटात मिळणार असेल, तर प्रेम आणि काठी एकाच हातात येतात. मी माणसांना दोष देत नाही, हिशोब सांगतोय.

दुसरा हिशोब लंगड्या बैलाचा. मालकाने प्रवेश फी भरली, टेम्पो केला, आणि सकाळी बैलाचा पाय किंचित धरलाय. डॉक्टरला दाखवलं तर तो ‘अपात्र’ लिहिणार आणि फी गेली. मग कोण दाखवेल? नॅसकारला हे कळायला वेळ लागला, पण कळलं. २०१५ च्या फेब्रुवारीत काइल बुश डेटोनाला आतल्या सिमेंटच्या उघड्या भिंतीवर आदळला आणि त्याचा पाय मोडला. धक्का शोषणारी भिंत तिकडे २००२ पासून बसायला लागली होती, पण सगळीकडे नाही, पैसे लागतात ना! तो अकरा शर्यती घरी होता. तरी संघटनेने त्याला अंतिम फेरीसाठी पात्र राहू दिलं, आणि त्या वर्षी तोच विजेता झाला. त्यात उपकार नव्हता. जखमी माणसाने जखम लपवू नये म्हणून स्पर्धेचा नियम वाकवला. आपल्याकडे एवढं केलं तरी पुरे: डॉक्टरने बैल अपात्र ठरवला तर पूर्ण फी परत, आणि पुढच्या शर्यतीत त्या मालकाला फीशिवाय जागा. मग बघा, मालक स्वतः बैल घेऊन डॉक्टरकडे येतो की नाही.

देवणी आणि लाल कंधारी या आपल्या भागातल्या जाती. शर्यतीने देशी गोवंश वाचतो हा युक्तिवाद कोर्टात जोरात झाला, आणि खिलारबाबत त्यात तथ्य आहे. पण शर्यतीला देवणी कोण घेतो? तो वजनदार, शांत, कामाचा आणि दुधाच्या वळूचा बैल. तेव्हा इथे शर्यत भरवायची असेल तर हौस म्हणून भरवा, ‘जात वाचवायला’ असं पत्रिकेवर छापू नका. असो, हे जरा बाजूला गेलं.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप आहे, तो मीच घेतो. गावाने आपले नियम आपण लावावेत म्हणता, मग २०१४ च्या आधी गावाने चाबूक का नाही थांबवला? खरं आहे. नसता थांबवला. नॅसकारने मानेचं साधन आपण होऊन सक्तीचं केलं नाही, कारण चालवणाऱ्यांचा फायदा वेगात आणि गर्दीत होता. आपल्याकडेही आयोजक बऱ्याचदा निवडणूक लढवणारा असतो. म्हणून बाहेरचा कायदा लागतोच. पण तीन वर्षांची कैद इतकी मोठी शिक्षा आहे की ती द्यायला हात धजत नाही, आणि न दिलेली शिक्षा सगळ्यांना पाठ होते. ‘बाद’ ही शिक्षा लहान आहे. ती त्याच दिवशी, त्याच मैदानात, हजारो लोकांसमोर देता येते.

आणि द्यायला लागणारी सगळी सामग्री हजर आहे. हल्ली बऱ्याच मैदानांवर शेवटच्या रेषेवर कॅमेरा असतो. दोन बैलांपैकी कुणाचं नाक आधी पोचलं हे चित्र थांबवून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघतात. समालोचक ओरडत असतो, सगळं मैदान पडद्याकडे बघत असतं. त्याच चित्रात, नाकाच्या तीन-चार हात मागे, चालकाचा हात असतो. त्या हातात काय आहे, हेही स्वच्छ दिसतं. आपण ते चित्र नाकासाठी थांबवतो.

तर मघाच्या त्या तरुणाला माझं उत्तर. कागदांची यादी तहसील कचेरीत मिळेल, तिला माझी गरज नाही. तू आधी पंच कोण ते ठरव. तो बक्षीस देणाऱ्याचा माणूस नसावा. पहिल्या आलेल्याला बाद करायचा अधिकार त्याला आहे, हे पत्रिकेवर छाप, बक्षिसाच्या वर, त्याच अक्षरात. निशाणाच्या पुढे बैल थांबेपर्यंतची जागा पावलांनी मोज, आणि तिथे एकही माणूस उभा राहणार नाही असं कुंपण घाल. पैसे कमी पडले तर बक्षिसातून काप. हे जमत नसेल तर यंदा नको, पुढच्या वर्षी बघ.

मागे कुणीतरी हात वर केलाय. माइक द्या त्यांच्याकडे.